चिनी भाषक मुलांचं इंग्रजी : वाचन, सारांश आणि व्याकरणाचा सराव कसा घ्यावा?

निळीशाई

नमस्कार मंडळी. मी सिंगापूरमध्ये घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं अलीकडेच चीनमधून इथे आलेली आहेत. इथल्या चिनी वंशाच्या कित्येक घरांत आता इंग्रजीच बोलतात, त्यामुळे त्या मुलांच्या अडचणी वेगळ्या. मी लिहितेय ते बाराव्या-तेराव्या वर्षी इथे आलेल्या, घरी फक्त चिनी बोलणाऱ्या मुलांबद्दल. सोबत बहुधा आई असते. वडील तिकडे कमावतात आणि आई इथे भाड्याच्या खोलीत मुलाजवळ राहते. अशा आयांना इथे पेइदू मामा म्हणतात. सगळं घर एका मुलाच्या शिक्षणासाठी झटत असतं, आणि शाळेत प्रवेश मिळणार की नाही हे इंग्रजी आणि गणित या दोनच विषयांवर ठरतं. परदेशी मुलांसाठीची ही प्रवेशपरीक्षा, एईआयएस, इथलं शिक्षण मंत्रालय घेतं. गणितात ही मुलं पुढेच असतात. घोडं अडतं ते इंग्रजीत.

प्रवेश मिळाला तरी पुढे ओ लेव्हल, म्हणजे इथली माध्यमिक शाळा संपतानाची परीक्षा, आहेच. त्यात इंग्रजीच्या दुसऱ्या पेपरात सारांशाला १५ गुण असतात. उताऱ्याच्या ठरावीक भागाचा सारांश ८० शब्दांच्या आत लिहायचा, तोही होता होईल तो स्वतःच्या शब्दांत. ८ गुण मुद्द्यांना, ७ भाषेला. पहिल्या पेपराची सुरुवात एडिटिंगने होते. बारा ओळींचा उतारा, पहिली आणि शेवटची ओळ बरोबर, मधल्या दहांपैकी आठ ओळींत व्याकरणाची एकेक चूक आणि दोन ओळी निर्दोष. २०२७ पासून ओ लेव्हलच्या जागी एसईसी परीक्षा येते आहे, पण नीट वाचून मोजक्या शब्दांत सांगता येणं याची गरज काही संपत नाही.

आता मूळ मुद्दा. या मुलांना शब्द येतात. शेकडो शब्दांच्या याद्या पाठ असतात. व्याकरणाचा नियम विचारला तर माझ्याआधी सांगतील. पण उतारा वाचून झाल्यावर मी विचारते, 'यात काय सांगितलंय?' की गप्प. फार तर एखाद्या अवघड शब्दाचा अर्थ सांगतात. वाक्य आणि वाक्य यांच्यामधलं नातं, म्हणजे हे त्याचं कारण आहे की उदाहरण आहे की उलट बाजू आहे, ते त्यांच्या नजरेतून निसटतं. मग सारांश म्हणजे उताऱ्यातली वाक्यं उचलायची (इथले शिक्षक याला लिफ्टिंग म्हणतात) आणि दोन-चार शब्दांच्या जागी त्याच अर्थाचे दुसरे शब्द बसवायचे. शिकवणीच्या बाजारात हेच तंत्र म्हणून शिकवलं जातं, आणि त्यानं मुलांचं नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे.

एक उदाहरण देते. सरावाचे उतारे मी स्वतः लिहिते, विषय मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. त्यातला एक न्यूवॉटरवर आहे. सिंगापूर सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतं, त्या पाण्याचं हे नाव. शेजारच्या मलेशियातल्या जोहोरहून पाणी आणण्याचा १९६२ चा करार २०६१ ला संपतो, त्यामुळे स्वतःचं पाणी उभं करणं गरजेचं होतं. लोकांना किळस वाटणार हे उघड होतं. म्हणून २००२ च्या राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात जमलेल्या हजारो लोकांना या पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि पंतप्रधानांसकट सगळे ते प्यायले. २००३ मध्ये एक केंद्र उघडलं, तिथे हे पाणी कसं तयार होतं ते कुणालाही जाऊन बघता यायचं. प्रश्न असा : लोकांचा विश्वास कसा मिळवला, तेवढंच लिहा.

एका मुलीनं लिहिलं : 'ऑल्दो पीपल वेअर अफ्रेड ऑफ द वॉटर, बट द गव्हर्नमेंट डिस्ट्रिब्यूट बॉटल्स, द प्राइम मिनिस्टर ड्रिंक इट, देअर आर मेनी स्टुडंट्स व्हिजिट द सेंटर.' शिवाय करार, १९६२ आणि २०६१ हेही घातलं, कारण आकडे महत्त्वाचे वाटले.

मी कागद बाजूला ठेवायला लावला. म्हटलं, शेजारच्या मैत्रिणीनं उतारा वाचलेला नाही असं समज आणि तिला तुझ्या भाषेत सांग. ती चिनीत भराभर बोलली. मैत्रिणीनं मला इंग्रजीत सांगितलं : आधी मोठ्या लोकांनी सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं, मग लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दिलं. म्हणजे उतारा कळला होता! करार आपोआप गळला. मग उतारा बंदच ठेवून तिनं लिहिलं : 'द लीडर्स ड्रँक द वॉटर इन पब्लिक. दे ऑल्सो लेट पीपल सी हाउ इट वॉज क्लीन्ड.' व्याकरणाचा मी चकार शब्द काढला नव्हता, तरी क्रियापदं जागेवर आली.

तेव्हापासून सारांश मी असाच घेते. आधी न लिहिता वाचायचं, मग स्वतःच्या भाषेत सांगायचं, मग उतारा मिटून इंग्रजीत लिहायचं, आणि शेवटी उतारा उघडून काही चुकलं-राहिलं का ते बघायचं. तुमच्यापैकी कुणी चीन, तैवान, मलेशियात किंवा ऑनलाइन शिकवलं आहे का? पाठांतराबद्दल काय अनुभव? आणि ज्यांना चिनी येते त्यांना खास विचारते, या चुका येतात कुठून?

---

पायवाट

उत्तम विषय. वाचतोय.

---

पश्चिम_सरोवर

निळीशाई, फार जवळचा विषय काढलात. आम्ही बरीच वर्षं चीनमध्ये हांगझोउला होतो, तिथे एका शाळेत मी इंग्रजीच्या जादा तासांना जायचो. मुलं गाओकाओच्या, म्हणजे चीनच्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेच्या तयारीची.

तुमच्याकडची मुलं अशी का वाचतात हे समजायला तिकडचा पेपर बघावा लागतो. गाओकाओत इंग्रजीला १५० गुण, चिनी आणि गणिताइतकेच. नव्या पद्धतीच्या पेपरात ऐकणं ३०, वाचन ५०, भाषेचा वापर ३०, लेखन ४०. पूर्वी बऱ्याच प्रांतांच्या पेपरात उताऱ्यातल्या दहा चुका शोधण्याचा प्रश्न असायचा, म्हणजे तुमच्या एडिटिंगसारखाच. त्यामुळे चूक शोधण्याची सवय मुलांच्या हाडीमाशी खिळली. स्वतः चुकीशिवाय लिहिण्याची सवय ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

पण पेपर बदलतो आहे आणि चांगला बदलतो आहे. आमच्या झेजियांग प्रांतात २०१६ पासून लेखनात २५ गुणांचा एक प्रश्न आला. साडेतीनशे शब्दांच्या आतली गोष्ट द्यायची, शेवट कापलेला. पुढच्या दोन परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं दिलेली, बाकी मुलानं दीडशे शब्दांच्या आसपास पूर्ण करायचं. त्याला पर्याय म्हणून सारांशाचा प्रश्न, साधारण ६० शब्दांचा. दोहोंपैकी कोणता द्यायचा ते पेपर काढणारे ठरवतात. शांघायचा पेपर स्वतंत्र असतो, तिथे सारांशाला १० गुण, मर्यादा ६० शब्द.

गोष्ट पूर्ण करण्याच्या प्रश्नावर सुरुवातीला मुलं सरळ पाठ केलेली वाक्यं ओतायची. आनंद झाला की हे वाक्य, भीती वाटली की ते. याद्याच मिळतात तशा. गोष्टीतली आजी अबोल, करारी, आणि शेवटच्या परिच्छेदात अचानक तिच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा! मी मुलांना सांगायचो की दिलेल्या गोष्टीत आजी जे-जे करते त्याखाली रेघा मारा, मग सांगा, ही बाई रडेल का? तिथून वर्गाची चर्चाच बदलायची. एक मुलगा म्हणाला, 'रडणार नाही, ती काहीतरी खायला करून देईल.' त्याचा शेवट सगळ्यात चांगला झाला.

तुमच्या 'वाक्यांमधलं नातं' या मुद्द्यावर एक हमखास सराव सुचवतो. गाओकाओत सातातून पाच असा प्रश्न असतो. उताऱ्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली, खाली सात पर्याय, दोन फसवे. हे घरी करणं सोपं आहे. कुठलाही उतारा घ्या, वाक्यं कात्रीनं कापा, दोन वाक्यं बाहेरची मिसळा. वाक्य कुठे बसतं याहून ते तिथेच का बसतं हे वदवून घ्यायचं. 'दिस' कशाकडे बोट दाखवतो? 'हाउएव्हर'च्या आधी कुणाची बाजू होती? हे करायला लागल्यावर आमच्या मुलांचे सारांश सुधारले.

---

सातारी_मास्तर

मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. चीनशी संबंध शून्य, पण निळीशाई ताईंनी दिलेलं त्या मुलीचं वाक्य वाचलं आणि माझ्याच वर्गातली वही उघडल्यासारखं झालं.

'ऑल्दो' आणि 'बट' एकाच वाक्यात! आमची मुलंही हेच करतात, आणि त्यामागे आपली भाषा आहे. 'जरी पाऊस पडत होता तरी आम्ही गेलो.' जरी आलं की तरी येणारच, त्याशिवाय मराठी कानाला वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत दोघांपैकी एकालाच जागा. मी आता नियम सांगत नाही. वाक्याच्या दोन पट्ट्या करतो, जोडशब्दांच्या दोन वेगळ्या पट्ट्या करतो आणि मुलांना म्हणतो, एकच पट्टी वापरून जोडा. दोन्ही प्रकारे जोडून दाखवतात.

सारांशाचं म्हणाल तर आमच्या बारावीच्या इंग्रजी पेपरात तो प्रश्न आहे. उताऱ्याखाली मुद्दे दिलेले असतात, शीर्षक सुचवायचं असतं. मुद्दे दिलेले असल्यामुळे मुलं उतारा न वाचताच मुद्द्यांच्या मागेपुढे शब्द लावून मोकळी होतात. मी आता सरावाच्या वेळी मुद्दे झाकतो. मुलांनी आधी स्वतःचे काढायचे, मग पेपरातले बघायचे. ताई, तुमची 'आधी स्वतःच्या भाषेत सांग' ही पद्धत उद्यापासून माझ्या वर्गात सुरू.

---

स्पष्टोक्ती

मला ही दिशा पटत नाही. मुलं इंग्रजी शिकायला आली आहेत. त्यांना चिनीत बोलू दिलं की डोक्यात भाषांतर करण्याची सवय पक्की होते, आणि सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. परीक्षेच्या तासाभरात आधी चिनीत विचार करून मग इंग्रजीत लिहायला वेळ कुठे असतो? माझा मुलगा बंगळुरूच्या शाळेत मराठीचा एक शब्द न वापरता इंग्रजी शिकला. तासात फक्त इंग्रजी, हेच बरोबर.

---

बोरूटाक

स्पष्टोक्ती, तुमचा मुलगा लहानपणापासून दिवसभर इंग्रजीत होता. तेराव्या वर्षी भाषा बदललेल्या मुलाला तो न्याय लावता येणार नाही. त्याच्या डोक्यात चिनी आहेच, तुम्ही वर्गात बंदी घातली तरी ती कामाला लागलेलीच असते. फक्त मग ती आपल्याला दिसत नाही.

मी चिनी शिकले, दुभाषी म्हणून काम करते. निळीशाईंनी विचारलंय की चुका येतात कुठून, त्याबद्दल लिहिते. जरा लांबेल.

जोडशब्दांचं सातारी मास्तरांनी बरोबर पकडलं. चिनीतही 'स्वेइरान' आलं की 'दानशर' येतं, जरी-तरीसारखं. 'यिनवेइ' आलं की 'स्वोयी', म्हणून 'बिकॉज' आणि 'सो' एकत्र येतात. मराठी शिक्षकाला हे एका मिनिटात कळतं. ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे त्याला मूल असं का लिहितं याचा पत्ता लागायला वेळ लागतो. ही आपली जमेची बाजू आहे, ती वापरायला हवी.

तसंच दुसरं. 'काल बाजारात भेटलेला माणूस' असं आपण म्हणतो, माणसाचं सगळं वर्णन आधी आणि माणूस शेवटी. चिनीतही क्रम हाच. इंग्रजीत माणूस आधी येतो आणि वर्णन मागून, तेही कधीकधी दोन ओळींचं. मूल वाचत जातं, वर्णनातल्या क्रियापदालाच मुख्य क्रियापद समजतं आणि वाक्य हातातून सुटतं. चीनमधल्या शिकवण्यांत अशा वाक्यांसाठी वेगळे तासच असतात, 'छांग-नान-ज्यू' म्हणजे लांब-अवघड वाक्यांचे. मी मुलांना पेन्सिलनं एकच काम देते : नामामागून आलेलं वर्णन कंसात टाक. कंस वगळून उरलेलं वाचलं की मुख्य वाक्य हाती लागतं. मग कंस परत वाचायचे.

'देअर आर मेनी स्टुडंट्स व्हिजिट' हेही सरळ चिनी रचनेतून आलेलं आहे. 'यौ' म्हणजे आहे, 'पुष्कळ विद्यार्थी आहेत, भेट देतात' असं तिथे विनासायास एका दमात म्हणता येतं. आणि स्वल्पविराम! चिनीत स्वल्पविरामानं वाक्यामागून वाक्य जोडत लांबवर जाता येतं, विषय संपला की पूर्णविराम. ते तिथे चांगलं लेखन मानतात. म्हणून मुलाला 'ही चूक आहे' एवढंच म्हटलं तर ते गोंधळतं. त्याला सांगावं की तुझ्या भाषेत हे बरोबर आहे, इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम चालत नाही. हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे खुलतात, खरंच सांगते.

काळाबद्दल. चिनीत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. 'ल' हा प्रत्यय लागतो तो क्रिया पुरी झाली किंवा परिस्थिती बदलली हे सांगायला. 'उद्या जेवून झालं की निघतो' यातही 'ल' येतो, आणि 'काल मी खूप कामात होतो' यात येत नाही. मुलं मनात 'ल' म्हणजे भूतकाळ असं समीकरण करतात आणि फसतात. त्यावर नियमापेक्षा गोष्ट बरी. एकच गोष्ट काल घडली म्हणून सांगायची, मग रोज घडते म्हणून, मग उद्या घडणार म्हणून.

राहिलं 'ए' आणि 'द'. हे आपल्यालाही बाहेरूनच शिकावं लागलं, मराठीतही नाहीत. पण चिनीत एक सुंदर सोय आहे. 'खरन लाइ ल' म्हणजे ज्यांची वाट बघत होतो ते पाहुणे आले. 'लाइ खरन ल' म्हणजे कुणीतरी पाहुणे आले. नुसता क्रम बदलला की पाहुणे ओळखीचे की अनोळखी ते कळतं. म्हणजे 'द' आणि 'ए'मधला फरक मुलाला आधीपासून येतो! मी हीच दोन वाक्यं फळ्यावर लिहून सुरुवात करते. वर्षानुवर्षं नियम पाठ केलेली मुलं पहिल्यांदाच 'अच्छा, असं आहे होय' म्हणतात. स्पष्टोक्ती, मातृभाषा वर्गाबाहेर ठेवली असती तर हे दाखवता आलं नसतं.

---

स्पष्टोक्ती

पाहुण्यांचं उदाहरण पटलं. व्याकरण समजावताना मातृभाषा वापरावी हे मान्य. सारांशाबद्दल मात्र माझा आक्षेप कायम आहे. परीक्षेत मैत्रीण शेजारी नसते.

---

निळीशाई

बोरूटाक, तुमचा प्रतिसाद मी उतरवून घेतला. 'तुझ्या भाषेत हे बरोबर आहे' हे वाक्य मुलांना कुणी कधी म्हटलेलंच नसतं. सतत लाल शाई बघून ही मुलं तोंड उघडेनाशी होतात.

स्पष्टोक्ती, आक्षेप रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते. चिनीत सांगणं ही पहिली पायरी आहे आणि ती काढून टाकायची असते. सुरुवातीला मूल दोन मिनिटं चिनीत बोलतं. नंतर मी फक्त तीन वाक्यांची परवानगी देते. त्यानंतर समासात प्रत्येक परिच्छेदापुढे चार-पाच शब्द, कुठल्याही भाषेत, अट एकच, की त्यात क्रियापद हवं. 'पाणी' असं लिहिलं तर चालणार नाही, 'पिऊन दाखवलं' हवं. नुसतं नाम लिहिलं की विषय कळतो, म्हणणं कळत नाही. काही महिन्यांत या समासातल्या नोंदी आपोआप इंग्रजी होत जातात, कारण पुढचं वाक्य इंग्रजीत लिहायचं असतं. परीक्षेत मुलं तेवढंच करतात, आणि त्याला वेळ फार लागत नाही.

---

तैपेईकर

मी इथे संशोधनासाठी आहे, शेजारच्या दोन मुलांना शनिवारी शिकवतो. तैवानचं चित्र थोडं वेगळं आहे. इथे मुलं चिनी उच्चार बोपोमोफो चिन्हांनी शिकतात, रोमन अक्षरांतल्या पिनयिननं नाही, त्यामुळे रोमन अक्षरांची ओळख इंग्रजीबरोबरच होते. इंग्रजी उच्चारांसाठी इथे परंपरेनं केके चिन्हं वापरतात. जानेवारीतल्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत इंग्रजीच्या पेपरात दोन चिनी वाक्यांचं भाषांतर ८ गुणांचं आणि निबंध २० गुणांचा, किमान १२० शब्द. २०२२ पासून त्यात मिश्र प्रश्नही आलेत, उतारा वाचून थोडक्यात स्वतः लिहायचं असे. त्यामुळे सारांशाची तयारी इथेही उपयोगी पडते.

एक चूक अजून कुणी लिहिली नाही. 'ही' आणि 'शी'. चिनी बोलताना दोन्हीचा उच्चार 'ता'च, फरक फक्त लिहिताना. एरवी उत्तम इंग्रजी बोलणारा मुलगा आपल्या आईबद्दल 'ही' म्हणतो. वाचताना याचा मोठा फटका बसतो. गोष्टीत भाऊ-बहीण असतील तर कोणी काय केलं याचा गुंता होतो. मी उतारा वाचताना प्रत्येक सर्वनामावरून मूळ माणसापर्यंत बाण काढायला लावतो. दोन रंगांच्या पेन्सिली. कंटाळवाणं वाटेल, पण धाकटा आता स्वतःहून पेन्सिली काढून बसतो.

---

मोगरा_फुलला

मी नाशिकहून ऑनलाइन शिकवायचे, चिनी मुलांना, वय सहा ते दहा. २०२१ च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारनं शाळाबाह्य शिकवण्यांवर निर्बंध आणले, त्यात परदेशात बसून शिकवणाऱ्यांना कामावर ठेवायलाही बंदी झाली. एका आठवड्यात सगळे तास थांबले. मुलांचा निरोपही नीट घेता आला नाही, त्याचं आजही वाईट वाटतं.

पाठांतराबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. त्या मुलांना धडा मोठ्यानं म्हणून पाठ करायची सवय असते, त्याला बेइसोंग म्हणतात. सहकारी शिक्षक नावं ठेवायचे. मला ते कधीच पटलं नाही. आपणही मोरोपंतांच्या आर्या आणि रामरक्षा अशाच शिकलो, आणि शब्दांचा क्रम कानात बसला तो त्यातूनच. प्रश्न काय पाठ करायचं याचा आहे. सुटे शब्द आणि तयार निबंध पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. आवडलेल्या गोष्टीतला एक चांगला परिच्छेद पाठ केला तर 'ए', 'द', भूतकाळ सगळं एकत्र कानावर येतं. मी मुलांना परिच्छेद निवडू द्यायचे. मग म्हणून झाल्यावर तोच परिच्छेद गोष्टीतल्या दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगायला लावायचे. तिथे पाठांतर संपतं आणि भाषा सुरू होते.

---

पश्चिम_सरोवर

मोगरा, शंभर टक्के सहमत. हांगझोउला सकाळी शाळेच्या व्हरांड्यात मुलं मोठ्यानं इंग्रजी वाचत उभी असायची. ती शिस्त वाया घालवणं हा करंटेपणा होईल. फक्त त्यांच्या हातात यादीच्या जागी परिच्छेद द्यायला हवा.

निळीशाई, एडिटिंगचा सराव कसा घेता तेही लिहा ना. आणि शब्दकोशाचं काय? माझी मुलं प्रत्येक अनोळखी शब्दाला फोन काढायची.

---

निळीशाई

शब्दकोशाला बंदी नाही, पण क्रम ठरलेला आहे. पहिल्या वाचनात फोन पिशवीत. अनोळखी शब्दाखाली ठिपका. दुसऱ्या वाचनात प्रत्येक ठिपक्यापाशी एकच प्रश्न : हा शब्द कळला नाही तर प्रश्नाचं उत्तर अडतं का? बहुतेक ठिपके तिथेच बाद होतात. उरलेल्यांचा अंदाज करायचा, समासात लिहायचा, आणि मग फोन काढून ताडून बघायचं. अंदाज बरोबर निघाला की मुलांना होणारा आनंद बघण्यासारखा असतो. आणि हो, इथल्या सरकारी वाचनालयांत चिनी आणि इंग्रजी दोन्ही पुस्तकं असतात. चिनीत वाचलेली गोष्ट इंग्रजीत पुन्हा वाचायला दिली की कथानकाचं ओझं उतरतं आणि मूल वाक्यांकडे बघू शकतं.

एडिटिंगसाठी मी छापील उतारे शेवटी आणते. सुरुवात मुलाच्याच सारांशापासून. त्यानं लिहिलेला ८० शब्दांचा सारांश एक दिवस ठेवून द्यायचा, दुसऱ्या दिवशी त्यावर फेऱ्या मारायच्या, एका फेरीत एकच गोष्ट बघायची. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं : प्रत्येकाखाली रेघ, कर्ता कोण, काळ कुठला. याच फेरीत स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्यं आहेत का तेही दिसतं. दुसऱ्या फेरीत फक्त नामं : मोजता येतं का, एक की अनेक, ऐकणाऱ्याला आधीपासून माहीत आहे का. इथे यापुढे बोरूटाकांचे पाहुणे वापरणार. तिसऱ्या फेरीत जोडशब्द आणि सर्वनामं, तैपेईकरांच्या बाणांसकट. सगळं एकदम बघ म्हटलं की मूल नुसतं स्पेलिंग बघतं. प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्या स्वतःच्या चुकांचे तीन प्रकार लिहिलेले असतात, तीनच. एक प्रकार महिनाभर दिसला नाही की तो खोडायचा आणि नवा लिहायचा.

मग परीक्षेचा बारा ओळींचा उतारा. तिथे एक अडचण हमखास येते. दोन ओळी निर्दोष असतात, आणि चूक शोधायची सवय लागलेली मुलं त्याही दुरुस्त करतात. म्हणून मी मधूनमधून संपूर्ण निर्दोष उतारा देते आणि प्रत्येक ओळ बरोबर का आहे ते सांगायला लावते. सुरुवातीला मुलं फार अस्वस्थ होतात.

---

सातारी_मास्तर

ताई, निर्दोष उताऱ्याची कल्पना जबरदस्त आहे. न्यूवॉटरचा उतारा इथे टाकाल का? आमच्या भागात टँकरचं पाणी मुलांच्या ओळखीचं आहे, त्यांना विषय लगेच भिडेल. मी तो वर्गात घेतो आणि मुलांचे सारांश, आधीचे आणि नंतरचे, इथे टाकतो. तुमच्या मुलांच्या आणि आमच्या मुलांच्या चुका शेजारी-शेजारी ठेवून बघू.

---

निळीशाई

मास्तर, नक्की. दोन उतारे टाकते, एक सोपा आणि एक ओ लेव्हलच्या पातळीचा. सोप्यात काळ एकच ठेवलाय, म्हणजे तुमच्या आठवी-नववीलाही चालेल. प्रश्न मुद्दाम उताऱ्याच्या निम्म्याच भागावर आहे, तेव्हा मुलांना आधी प्रश्न वाचायला सांगा आणि मुद्दे देऊ नका.